लुइझियानातला कापूसमळा: मोठं घर, मागची अंगणं आणि जिन

नदीकाठचा

मंडळी, गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला ह्यूस्टनहून नॅकटिशला जाऊन आलो. गावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचून मी दोन वर्षं ‘नॅचिटोचेस’ म्हणत होतो. तिथल्या पेट्रोल पंपावरच्या बाईंनी हसत दुरुस्त केलं. १७१४ साली फ्रेंचांनी वसवलेलं हे गाव. तिथून खाली केन रिव्हरच्या काठाने ओकलंड आणि मॅग्नोलिया असे दोन जुने कापूसमळे आहेत. १९९४ पासून दोन्ही मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालंय. प्रवेश फुकट.

आई भारतातून आली होती म्हणून निघालो. तिचं माहेर हिंगणघाटजवळचं, त्यामुळे कापूस म्हटल्यावर ती तयारच. मला खरं तर मोठी घरं बघायची होती. कमानी करून उभे असलेले ओक, पांढरे खांब वगैरे. ओकलंडला ओकची रांग आहे, पण पांढरे ग्रीक खांब नाहीत. प्रूदोम घराण्याचं हे घर १८२१ मधलं, फ्रेंच क्रिओल (म्हणजे इथेच वाढलेल्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या) पद्धतीचं. विटांच्या खांबांवर उचललेलं, भोवती रुंद व्हरांडा आणि वर मोठं उतरतं छप्पर. आत बोळ किंवा पॅसेज म्हणून काही नाहीच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, नाहीतर सरळ व्हरांड्यात. आई म्हणाली, “वाड्यासारखंच की, ओसरीवरून सगळीकडे.” अगदी वाड्यासारखं नाही, कारण मधला चौक नाही, पण ती काय म्हणतेय ते कळलं.

रेंजरने एका ठिकाणी भिंतीचा आतला भाग उघडा दाखवला. सायप्रसचे लाकडी खांब, त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या आणि त्यावर थापलेली माती. मातीत केसासारखं काहीतरी काळं. आईने हात लावायच्या आधीच मी “हात नको लावू” म्हणून ओरडलो. ती म्हणाली, “अरे, हा तर कुड आहे!”

रेंजरला मी ते भाषांतर करून सांगितलं, तर तो खूश झाला. तिथे ह्याला बूसियाज म्हणतात. चिकणमाती, स्पॅनिश मॉस आणि थोडे जनावरांचे केस. झाडांवरून दाढीसारखं लोंबतं ते स्पॅनिश मॉस. (ते स्पॅनिश नाही आणि मॉसही नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे म्हणे.) ते पाण्यात कुजवलं की वरचं करडं साल गळतं आणि आतला काळा, चिवट धागा उरतो. त्याच्या मातीत मळलेल्या लांबट पोळ्या करून दांड्यांवर धुणं वाळत घालावं तशा टाकायच्या आणि हाताने दाबून सारख्या करायच्या. दोनशे वर्षं झाली, भिंत उभी आहे. हे हात अर्थातच गुलामांचे.

मग आम्ही मागच्या बाजूला गेलो आणि तिथेच अर्धा दिवस गेला. कबुतरखाने, मक्याचं कोठार, खेचरांचा गोठा, सुतारशाळा, कोंबड्यांची खुराडी, ओव्हरसियरचं (मुकादमाचं) घर, स्वयंपाकिणीची खोली, मजुरांच्या दोन झोपड्या आणि रस्त्याकडेला दुकान. दोन्ही मळे मिळून साठाच्या वर जुन्या इमारती उरल्यात. बाकी दक्षिणेत बहुतेक ठिकाणी मोठं घर राहतं आणि मागचं सगळं पडतं. इथे मागचं राहिलंय, म्हणून ह्या जागेचं मोल.

मॅग्नोलियाबद्दल उद्या लिहितो. तिथे विटांची घरं आणि जिन (कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र) आहे. आईने तिथे जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

वाचनमात्र

सुंदर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका की.

कुडमेढ

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे एका वाक्यात सांगितलं त्यावर आम्ही पेपर लिहितो.

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो, बरंचसं कोकणात. तत्त्व एकच आहे. भार लाकडी मेढी घेतात. भिंत फक्त भरणी असते, त्यामुळे ती हलकी आणि बदलता येणारी. आपल्याकडे कारवी, बांबू, विदर्भात तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या (तुरीची नाहीतर कापसाची वाळलेली झाडं), आणि वरून शेणमाती. तिथे शेणाच्या जागी मॉस. तंतूचं काम एकच, माती वाळताना तिला भेगा पडू द्यायच्या नाहीत.

फरक कुठे आहे? आपला कुड पातळ, दर वर्षी लिंपायचा. बूसियाज जाड, खांबांच्या पूर्ण जाडीएवढा भरलेला. त्यामुळे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पण पाणी लागलं की दोन्हींची माती होते. म्हणून तर रुंद व्हरांडा आणि उंच जोतं. तो व्हरांडा शोभेला नाही, भिंतीची छत्री आहे. घर उचललंय ते पुरासाठी आणि खालून वारा खेळावा म्हणून. सायप्रस तिथल्या दलदलीतलं लाकूड, सहसा कुजत नाही, आपल्या सागासारखं समजा.

एक बारीक गोष्ट. लोक अशा पद्धतीला ‘फ्रेंच’ म्हणून मोकळे होतात. माती आणि काठ्यांची भिंत पश्चिम आफ्रिकेतही होती आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडेही. फ्रेंच सुताराने सांगाडा सांगितला असेल, पण माती कालवणाऱ्या बाईला ती कशी कालवायची हे कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

चष्मेबद्दूर

लेख चांगला आहे, पण एक शंका. वास्तू बघायला जायचं आणि प्रत्येक विटेपाशी ‘गुलाम, गुलाम’ करायचं, हे जरा अतीच होत नाही का? शनिवारवाड्यात आपण प्रत्येक दगडापाशी वेठबिगार आठवतो का? मजूर तर सगळीकडेच भरडले गेले.

सुलभा_डलास

@चष्मेबद्दूर, आठवायला हवी खरं तर वेठबिगार. ते आपण करत नाही हा आपला दोष झाला, तो तिकडे सूट म्हणून कसा वापरायचा?

शिवाय इथे फरक आहे. वेठबिगार करणाऱ्याची पोरं बाजारात विकली जात नव्हती. प्लँटेशनच्या हिशोबात माणसं खेचरांच्या आणि नांगरांच्या यादीत असायची, किंमत टाकून. मालक मेला की वाटणीत आई एका भावाकडे, मुलगी दुसऱ्याकडे. आणि कापसाचा आणि ह्याचा संबंध सरळ आहे. १७९० मध्ये अमेरिकेत साधारण सात लाख गुलाम होते, १८६० पर्यंत जवळजवळ चाळीस लाख. मधल्या काळात व्हर्जिनिया-मेरीलँडमधून लाखो माणसं साखळ्यांत चालवत नाहीतर जहाजांतून खाली कापसाच्या पट्ट्यात आणून विकली. ती सगळी बोंडं वेचायला.

बाय द वे, ह्या भागातल्या एका मळ्यात माझ्या ऑफिसातल्या मुलीचं लग्न होतं. ओकच्या कमानीखाली मांडव. मी गेले, जेवले, फोटो काढले. मागे काय आहे हे विचारायचं सुचलं नाही. तेव्हा मीही काही धुतल्या तांदळाची नाही.

जिनवाला

आमची तीन पिढ्यांची जिन-प्रेस, खानदेशात. त्यामुळे दोन ओळींत आवरणार नाही, माफ करा.

सगळीकडे छापलेलं असतं की एली व्हिटनीने १७९३ मध्ये जिन शोधली (पेटंट १७९४) आणि त्यामुळे कापूस वाढला. अर्धं खरं. सरकी काढायची चरकी आपल्याकडे कित्येक शतकं आहे. दोन लाटणी उलट्या दिशेने फिरतात, रुई पुढे जाते, सरकी मागे पडते. ही चरकी लांब धाग्याच्या, गुळगुळीत काळ्या सरकीच्या कापसाला उत्तम. पण अमेरिकेच्या आतल्या भागात तो कापूस येत नव्हता. तिथे यायचा तो हिरव्या सरकीचा, जिला रुई अशी चिकटलेली असते की लाटण्यातून सुटत नाही. हाताने एक माणूस दिवसभरात जेमतेम पाऊंडभर रुई काढायचा. व्हिटनीने दात्यांचा रूळ जाळीतून फिरवला. दाते रुई ओढून नेतात, सरकीला जाळीतून जायला जागा नाही. दिवसाला पन्नास पाऊंड.

म्हणजे सरकी काढणं स्वस्त झालं, वेचणं नाही. वेचायला हातच लागायचे. यंत्राने श्रम वाचतात असं आपण म्हणतो, इथे एका टोकाला वाचलेल्या श्रमाने दुसऱ्या टोकाला कितीतरी पट माणसं जुंपली.

गंमत म्हणजे आज अमेरिकेत बहुतेक सगळी दात्यांची, म्हणजे सॉ जिन. आपल्याकडे बहुतेक डबल रोलर. ही डबल रोलर म्हणजे मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या जिनची वंशज. म्हणजे त्यांनी आपल्या चरकीच्या तत्त्वावर सुधारित जिन केली आणि ती आपल्याकडे स्थिरावली. सॉ जिनने धागा थोडा तुटतो, पण काम झपाट्याने होतं.

नदीकाठचा, मॅग्नोलियाला लाकडी प्रेस (रुईच्या गाठी दाबायचा) बघितला का? असेल तर सविस्तर लिहा. मी त्याचा फक्त फोटो पाहिलाय.

पऱ्हाटी

आमच्या अकोल्याकडून राम राम.

तुमच्या मायने कुड म्हटलं ना, तेच मले पटलं. माह्या आज्याच्या घरी पऱ्हाट्यांचाच कुड होता. कापूस घरात गेला, पऱ्हाटी कुडाले, बाकीची चुलीले. काहीच वाया जात नव्हतं.

अन वेचणीचं सांगतो. तिकडे एका माणसाकडून दिवसाले २०० पाऊंडापर्यंत कापूस वेचून घ्यायचे असं वाचलं. म्हणजे नव्वद किलो. आमच्याइकडे चांगली वेचणारी बाई दिवसाले तीस-चाळीस किलो वेचते, अन संध्याकाळी बोटं पाहा तिची. बोंड उकललं की त्याची पाकळी वाळून खिळ्यासारखी होते. तिकडचं बोंड मोठं, झाड उंच, मान्य. तरी नव्वद? अन कमी भरलं की फटके. वजनकाट्यापाशी उभं राहायची भीती काय असते ते मले सांगू नका, आमच्या बाया अजून काट्यापाशी भांडतात.

आणखी एक. आज आमच्या वावरात जो कापूस आहे तो देशी नाही, तो अमेरिकन जातीचाच आहे. हिर्सुटम. देशी कापूस गेला, हाच राहिला. म्हणजे त्या केन नदीच्या अन आमच्या पूर्णा नदीच्या काठी एकाच घरची पिकं.

नदीकाठचा

उशीर झाला, क्षमस्व. आता मॅग्नोलिया.

ओकलंडहून पंधरा-वीस मिनिटं नदीकाठाने. लकोंत आणि नंतर हर्टझॉग घराण्याचा हा मळा. यादवी युद्धात, १८६४ च्या रेड रिव्हर मोहिमेत, माघार घेणाऱ्या उत्तरेच्या फौजांनी मोठं घर जाळलं. पुढे १८९०च्या दशकात त्याच जोत्यावर पुन्हा बांधलं. ते घर अजून घराण्याकडेच आहे, उद्यानात नाही. त्यामुळे मॅग्नोलियाला गेलं की मोठं घर बघायचा प्रश्नच नाही. सरळ मागेच जावं लागतं.

तिथे मोकळ्या गवतात विटांची आठ घरं उभी आहेत. आधी जवळजवळ चोवीस होती, रांगेत, मधे रस्ता. गुलामांची घरं विटांची असणं फार दुर्मीळ. बहुतेक ठिकाणी लाकडी झोपड्या होत्या आणि त्या कधीच गेल्या. प्रत्येक घरात दोन खोल्या, मधे एकच धुराडं, दोन्ही बाजूंना चूल. एका खोलीत एक कुटुंब, मधे भिंत. मुक्तीनंतर काही घरांत ती मधली भिंत फोडून दार केलं आणि दोन्ही खोल्या एका कुटुंबाच्या झाल्या. रेंजरने ते दार दाखवलं. चौकट साधीच आहे, विटा खडबडीत कापलेल्या. माझ्या मते अख्ख्या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची वास्तू म्हणजे ते दार. स्वातंत्र्य आलं तेव्हा त्या लोकांना जमीन मिळाली नाही, मळा सोडता आला नाही, पण एक भिंत फोडता आली.

@जिनवाला, हो, प्रेस बघितला. मोठी लाकडी शेड आहे आणि तिच्यात आढ्यापर्यंत गेलेला लाकडी स्क्रू. माणसाच्या मिठीत मावणार नाही एवढ्या जाडीचा, त्यावर हाताने कोरलेला आटा. वरून दोन लांब दांडे खाली तिरके येतात, त्यांना खेचरं जुंपून गोल फिरवायची. तेलघाणा आठवा, फक्त स्क्रू खाली उतरत जातो आणि पेटीतली रुई दाबतो. असे प्रेस मूळ जागी उभे असलेले फारच थोडे उरलेत. पुढे त्याच शेडमध्ये वाफेवरची जिन आणि नवा प्रेस बसवला. म्हणजे एका छपराखाली दोन काळ.

आता आईचा प्रश्न. जिनच्या शेडमधून बाहेर आल्यावर तिने विचारलं, “मग युद्ध संपल्यावर ह्यांना मजुरी काय मिळायची?” मी म्हणालो, “मजुरी नाही, अर्धेलीने करायचे.” ती म्हणाली, “आणि बी-बियाणं कुणाचं? दुकान कुणाचं?”

दुकान मालकाचं. ओकलंडचं दुकान तर १९८३ पर्यंत चालू होतं. वर्षभर पीठ, कापड, तंबाखू, खतं उधारीवर न्यायची आणि कापूस विकल्यावर हिशोब. वही मालकाची, भाव मालकाचा, काटा मालकाचा. आई नुसतं “हं” म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

वऱ्हाडची_लेक

आई गाडीत जाऊन बसल्या त्याचं कारण मला समजलं.

ह्या गोष्टीचं दुसरं टोक आपल्याकडे आहे, म्हणून सांगते. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध सुरू झालं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जात होता. तो थांबला आणि लिव्हरपूलची नजर वऱ्हाड-खानदेशकडे वळली. आपल्या कापसाला तिथे ‘उमरा’ म्हणत, उमरावतीवरून, म्हणजे आपली अमरावती. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. कापूसदलाल प्रेमचंद रायचंद, समुद्र भरून जमीन करायला निघालेली बॅक बेची कंपनी, शेअरचं वेड. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या आणि बँका धडाधड बुडाल्या.

पण पेढ्या बुडाल्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. शेतकऱ्याचं काय झालं? तेजीत सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिलं होतं, मंदीत वसुली सुरू झाली. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची खाती आणि रोखे बाहेर काढून जाळले. मग नगर जिल्ह्यातही. सगळं कापसामुळे झालं असं नाही, सारावाढ वगैरे कारणं आहेतच, पण तेजीचं आणि मंदीचं ते एक टोक आहेच.

म्हणजे साधारण त्याच दहा वर्षांत केन नदीकाठी मुक्त झालेला माणूस दुकानाच्या वहीत अडकत होता आणि इथे शेतकरी सावकाराच्या वहीत. ह्यांनी वह्या जाळल्या. तिथे ते शक्य नव्हतं, जाळायला गेलेल्याला झाडाला टांगलं असतं.

चष्मेबद्दूर

@सुलभा_डलास, मुद्दा मान्य. वेठबिगारीचं उदाहरण चुकीचं होतं.

पण एक विचारतो, प्रामाणिकपणे. सगळे गोरे मालक आणि सगळे काळे गुलाम असंच होतं का तिथे? मी कुठेतरी वाचलं की काळे मळेवालेही होते.

नदीकाठचा

होते, आणि तेही ह्याच नदीवर. ते सांगायचं राहिलंच.

मारी तेरेझ क्वँक्वँ, जन्म १७४२, नॅकटिशमध्ये, गुलामीत. क्लोद तोमा पिएर मेत्वाये नावाच्या फ्रेंच माणसाबरोबर राहिली, त्याच्यापासून तिला दहा मुलं झाली. १७७८ मध्ये त्याने तिला मुक्त केलं. पुढे तिला थोडी जमीन मिळाली, तंबाखू वगैरे केली, पैसे जमवून स्वतःच्या काही मुला-नातवंडांना विकत घेऊन सोडवलं. आणि हे गिळायला कठीण आहे, पण तिने पुढे स्वतःही गुलाम विकत घेतले. तिच्या मुलांनी आणि नातवांनी तर मोठे कापूसमळे उभे केले. त्यातला मेलरोज आजही बघता येतो, ओकलंड आणि मॅग्नोलियाच्या मधेच. १८४७ मध्ये कर्जापायी तो मेत्वायेंच्या हातून गेला. त्यांचे मिश्र वंशाचे वारस, केन रिव्हर क्रिओल, अजून त्याच भागात आहेत, त्यांचं सेंट ऑगस्टिन चर्चही आहे.

@चष्मेबद्दूर, ह्याचा अर्थ व्यवस्था बरी होती असा मात्र काढू नका. व्यवस्थाच अशी होती की तिच्यात वर चढायची शिडी एकच, दुसऱ्याच्या पाठीवरची.

मेलरोजला ‘आफ्रिकन हाउस’ म्हणून एक विचित्र इमारत आहे. खाली विटा, वर लाकूड आणि दहा-बारा फूट बाहेर आलेलं छप्पर. अगदी आफ्रिकन झोपडी!

कुडमेढ

इथे मला जरा अडवावं लागेल. ‘आफ्रिकन हाउस’ हे नाव जुनं नाही, विसाव्या शतकात मेलरोजला राहणाऱ्या एका लेखकाने ते रूढ केलं. छप्पर बघून आफ्रिका आठवते हे खरं, पण त्याच्या सांगाड्याचे जोड आणि बाहेर काढलेला पाखा फ्रान्समधल्या खेड्यातल्या कोठारांशी जुळतो असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. बांधणारे हात आफ्रिकन वंशाचे, आराखड्याचा वारसा मात्र बहुधा फ्रेंच. वर बूसियाजबद्दल मी उलट बाजूने बोललो, म्हणून इथेही बोलणं भाग आहे. आपल्याला हवा तोच वारसा प्रत्येक इमारतीत शोधायचा नसतो.

त्या घराचं खरं महत्त्व वरच्या मजल्यावर आहे. क्लेमेंटिन हंटर ह्या बाईंची १९५५ मधली भित्तिचित्रं. मेलरोजवर कापूस वेचायला आल्या, मग घरकाम आणि स्वयंपाक. लिहिता-वाचता येत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी टाकलेल्या रंगांच्या ट्यूब घेऊन चितारायला लागल्या आणि १०१ वर्षं जगल्या (१९८८ मध्ये गेल्या). त्यात कापूस वेचणं आहे, बाप्तिस्मा, लग्न, मयत, धुणी, शनिवार रात्रीची मारामारीसुद्धा. मळ्याची जी जी चित्रं मी पाहिली त्यात मोठं घर मधोमध असतं. ह्यांच्या चित्रात ते असलंच तर कडेला.

जिनवाला

प्रेसचं वर्णन वाचून डोळ्यांपुढे उभा राहिला. धन्यवाद. आजची अमेरिकन गाठ साधारण २१८ किलो रुईची असते, आपली १७०. तेव्हाच्या लाकडी प्रेसची गाठ सैल, म्हणून बोटीवर चढवण्याआधी न्यू ऑर्लिन्सला पुन्हा दाबायचे. जहाजात जागेचं भाडं घनफुटावर असतं.

अवांतर: ते खेचरांचं वाचून आठवलं. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा मळेवाले बोलावून घेतले होते, हिंदुस्थानात अमेरिकन कापूस कसा पिकवायचा ते शिकवायला. त्यांच्याबरोबर बी आणि सॉ जिना आल्या. बहुतेक ठिकाणी फसलं. धारवाडकडे मात्र अमेरिकन कापूस रुजला आणि त्याला ‘धारवाड-अमेरिकन’ असंच नाव पडलं. बाकीकडे आपल्या शेतकऱ्याने त्यांचं ऐकलं नाही. पाऊस जूनचा, जमीन काळी, कापूस कोरडवाहू. मिसिसिपीवाला काय शिकवणार?

पऱ्हाटी

नाही ऐकलं ते बरंच केलं. पण शंभर-दीडशे वर्षांनी का होईना ऐकलंच ना. आता बीटी आहे, संकर आहे, अन गुलाबी बोंडअळी पण आहे.

तिकडे बोंडावरच्या सोंड्याने असंच केलं होतं का? बोल वीव्हिल म्हणतात तो?

नदीकाठचा

हो, मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्ससमध्ये शिरला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुइझियानात पसरला. मजुरांना आधीच धड मिळत नव्हतं, पीक गेलं की वहीतला आकडा पुढच्या वर्षावर. पुष्कळ लोक उत्तरेला शिकागोकडे नाहीतर पश्चिमेला निघून गेले. मॅग्नोलियाच्या त्या विटांच्या घरांत मात्र १९६०च्या दशकापर्यंत माणसं राहत होती. मग वेचणीची यंत्रं आली. आजूबाजूला आज जो कापूस आहे तो यंत्रच वेचतं, शेतात माणूस दिसत नाही.

रेंजरने सांगितलेली एक गोष्ट राहिली. मॅग्नोलियाच्या कुरणात रविवारी बेसबॉल चालायचा. आजूबाजूच्या मळ्यांवरच्या काळ्या मजुरांच्या टीम, मोठे सामने, खाणंपिणं. तिथे राहिलेले काही जण भेटीला येतात तेव्हा आधी ते मैदान शोधतात, मग घरं.

सुलभा_डलास

पुढच्या महिन्यात आम्हीही जातोय. मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत. कंटाळतील का? आणि किती वेळ ठेवायचा?

नदीकाठचा

ओकलंडला तीन तास, मॅग्नोलियाला दोन. मेलरोजला तिकीट आहे आणि वेळा आधी बघून जा. उन्हाळ्यात ऊन बेक्कार आणि डास, पाणी भरपूर घ्या. धाकट्याला ओकलंडची बाटल्यांची बाग दाखवा. काचेच्या बाटल्या उलट्या रोवून फुलांच्या वाफ्यांना कडा केल्यात. आमची तिथे पंधरा मिनिटं गेली.

सप्टेंबर-ऑक्टोबरला गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली दिसतील. आईने गाडी थांबवायला लावली, कडेला पडलेलं एक बोंड उचललं आणि उरलेल्या प्रवासात बसल्या जागी त्याची सरकी काढली. मूठभर सरक्या निघाल्या. त्या नेता येणार नाहीत, विमानतळावर अडवतील असं सांगितलं तर म्हणाली, “अरे, न्यायला कोण काढतंय.”